कंपनीचा ईमेल कोणाच्या नावावर?

प्रश्न : ताई, बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचा रबर गॅस्केट आणि ओ-रिंगचा छोटा कारखाना आहे. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केला. आता माझे यजमान शॉप फ्लोअर बघतात, धाकटे दीर मार्केटिंग बघतात आणि मी ऑफिस. शिवाय हिशेबाचे काका, परचेस बघणारी एक मुलगी आणि डिस्पॅचचा मुलगा. कंपनीचा एकच जीमेल आहे, अण्णांनी फार पूर्वी काढलेला. पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे, चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली आहे. नव्या कॉम्प्युटरवर उघडायला गेलं की कोड अण्णांच्या फोनवर जातो आणि ते दुपारी पडलेले असले तर त्यांना कोणी उठवत नाही.

मध्यंतरी पुण्याच्या एका पार्टीचा पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, आला. डिस्पॅचच्या मुलानं उघडला, त्याला वाटलं दीर बघतील. दिरांना तो आधीच वाचलेला दिसला, त्यांना वाटलं मी उत्तर दिलं. आठवड्यानंतर पार्टीचा फोन आला, तोवर त्यांनी माल दुसरीकडून उचलला होता. आता वर जागा भरल्याची सूचनाही येते. सीए म्हणतात, कंपनीच्या नावाचा ईमेल घ्या. वेबसाइटवाला म्हणतो, होस्टिंगबरोबर हवे तितके ईमेल फुकट देतो. भाचा म्हणतो, गूगलचं पैसे भरून घ्या. एक सप्लायर म्हणाले, झोहोचं फुकट मिळतं. दिरांचं म्हणणं, सहा जणांचे दर महिन्याला पैसे कशाला भरायचे? ते स्वतः आउटलुक वापरतात आणि आमची सगळी कॉस्टिंग एक्सेलमध्ये आहे. आम्ही काय करावं?
— एक वाचक, मकरपुरा

उत्तर : पुण्याची ऑर्डर हातची गेली याचं वाईट वाटलं. ती का गेली ते आधी बघू, कारण फुकट घ्यावं की पैसे भरून, याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

मी बरीच वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या एका कारखान्यात ऑफिस सांभाळलं. टपाल आलं की प्रत्येक पत्र आवक रजिस्टरात चढायचं : तारीख, कोणाकडून, कशाबद्दल, कोणाकडे दिलं. शेवटच्या रकान्यात सही झाल्याशिवाय कागद टेबलावरून हलत नसे. तुमच्या जीमेलमध्ये तो शेवटचा रकानाच नाही. पाच जण एकाच पासवर्डनं आत शिरतात तेव्हा जीमेलच्या लेखी तो एकच माणूस असतो. कोणी उघडलं, कोणी उत्तर दिलं, कोणी पुसून टाकलं, यातलं काहीही नावानिशी नोंदलं जात नाही. एकानं मेल उघडली की ठळक अक्षरं साधी होतात आणि बाकीच्यांच्या डोळ्यांपुरती ती मेल संपते. तुमच्याकडे नेमकं हेच झालं. डिस्पॅचच्या मुलाची यात काही चूक आहे असं मला वाटत नाही, त्याला कृपा करून बोल लावू नका.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. हे खातं अण्णांच्या मोबाइल नंबरावर उभं आहे. तो फोन हरवला किंवा ते सिम बंद पडलं तर कंपनीचा इतक्या वर्षांचा पत्रव्यवहार परत मिळवणं फार अवघड जातं. आणि उद्या कोणी नोकरी सोडून गेलं, तर पासवर्ड बदलून तो सगळ्यांना पुन्हा वाटेपर्यंत गेलेल्या माणसाच्या फोनवर तुमचे भाव, तुमचे ग्राहक, सगळं उघडं.

जागेचं काम आजच उरकून घ्या. मोफत जीमेलला १५ जीबी जागा मिळते, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. अण्णांच्या फोनवर हेच खातं असेल तर फोटोंचा बॅकअप चालू आहे का ते बघा. तसं असलं तर नातवंडांचे व्हिडिओ आणि ग्राहकांची ड्रॉइंग एकाच १५ जीबीत दाटीवाटीनं बसली आहेत. ती जागा पूर्ण भरली की नवीन मेल येणं बंद होतं आणि पार्टीनं पाठवलेली मेल तिच्याकडे परत जाते. फोटो आधी एखाद्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या, अण्णांना विचारून, मग इथून काढा आणि बॅकअप बंद करा. पुसलेलं ट्रॅशमध्ये जाऊन पडतं, ट्रॅश रिकामा केल्याशिवाय जागा लगेच मोकळी होत नाही. एवढ्यानं तुम्हाला शांतपणे निर्णय घ्यायला महिना-दोन महिने मिळतील.

त्या मधल्या काळासाठीही काचेखालची चिठ्ठी काढून टाका. जीमेलमध्ये आपलं खातं दुसऱ्याला वापरायला देण्याची सोय आहे आणि ती फुकट आहे. सेटिंगमध्ये खात्यांच्या पानावर जाऊन तुम्ही १० जणांपर्यंत प्रतिनिधी नेमू शकता. प्रत्येक जण आपापल्या जीमेलनं, आपापल्या पासवर्डनं आत येतो आणि कंपनीची मेल वाचतो, उत्तर देतो. पासवर्ड बदलणं मात्र त्याच्या हातात नसतं. कोणी सोडून गेलं की त्याचं एक नाव काढायचं, बाकी कोणाला काही कळवावं लागत नाही. नेमलेला माणूस मेल पुसूही शकतो, तेवढं लक्षात असू द्या. एक पैसा न भरता व्यवस्था सुधारायची असेल तर ती ही, आणि खूप लहान धंद्यांना ती कायमची पुरते.

तुम्हाला मात्र ती कायमची पुरणार नाही असं माझं मत आहे. तुम्ही मोठ्या कंपन्यांना माल देता. तुमच्या नावाशी मिळताजुळता एक जीमेल कोणीही पाच मिनिटांत काढू शकतो आणि 'आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट या खात्यावर करा' अशी मेल तुमच्या पार्टीला पाठवू शकतो. ही फसवणूक छोट्या पुरवठादारांच्या नावावर सर्रास होते. स्वतःचा डोमेन, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणारं कंपनीचं नाव, असला की फसवणारा नाहीसा होत नाही, पण पार्टीच्या हिशेबखात्याला खरा पत्ता कोणता हे ओळखता येतं. पार्ट्यांना आजच लेखी कळवून ठेवा की बँक खातं बदललं तर आम्ही फोन करून सांगू, नुसत्या मेलवर विश्वास ठेवू नका. आणि कधी पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पळालेले असतात.

म्हणून डोमेन घ्या. याचा खर्च वर्षाला असतो, तो माणशी नसतो, आणि मेलच्या खर्चापासून तो वेगळा असतो. या एका खर्चाबद्दल दिरांशी वाद घालावा लागला तरी घाला. फक्त तो कोणाच्या नावावर घेताय ते डोळ्यांत तेल घालून बघा. तुमची वेबसाइट आहे, म्हणजे डोमेन आधीच घेतलेला असणार, मग तोच वापरायचा. वेबसाइटवाल्याला सरळ विचारा : हा कुठल्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, घेतला आहे, त्या खात्यात मालक म्हणून कोणाचं नाव आहे, तिथे कोणाचा ईमेल आणि कोणाचा मोबाइल दिला आहे? बडोद्यातल्या कितीतरी छोट्या कारखान्यांचे डोमेन अजून वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर आहेत. मालकाला ते तेव्हा कळतं, जेव्हा तो माणूस फोन उचलत नाही आणि मुदत संपते. मुदत संपली की वेबसाइटही बंद आणि मेलही बंद. तेव्हा खातं कंपनीच्या नावावर करून घ्या, लॉगिन तुमच्याकडे आणि यजमानांकडे ठेवा. त्या रजिस्ट्रारकडे संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन बंद पडला तर तो सोडवण्याची मेल ज्या पेटीत येणार, ती पेटीच बंद असेल. तिथे जुना जीमेल द्या.

आता वेबसाइटवाल्याच्या 'हवे तितके फुकट'बद्दल. तो खोटं बोलत नाही. होस्टिंगच्या, म्हणजे वेबसाइट ठेवण्यासाठी भाड्यानं घेतलेल्या, सर्व्हरवर मेलची पेटी काढायला त्याला वेगळा खर्च येत नाही. पण स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर अनेक अनोळखी वेबसाइट असतात, आणि त्यातली एखादी स्पॅम सोडत असेल तर त्या सर्व्हरची अब्रू जाते, तिच्याबरोबर तुमचीही. मग तुमचं कोटेशन पार्टीच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं आणि तुम्हाला कळतही नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी येणाऱ्या मेलची तपासणी कडक केली आहे. दिवसाला ५,००० वर मेल पाठवणाऱ्यांना जास्त अटी आहेत, पण ही मेल खरोखर त्याच डोमेनवरून आली याचा पुरावा त्यांना लहानमोठ्या सगळ्यांकडून हवा असतो. तो पुरावा म्हणजे डोमेनच्या नोंदींत भरायच्या काही ओळी : एसपीएफ किंवा डीकेआयएम, आणि जास्त मेल पाठवणाऱ्यांसाठी डीमार्कही. मेल कुठूनही घ्या, या तिन्ही नोंदी भरल्या का हे विचारल्याशिवाय बिल देऊ नका. शिवाय वेबसाइट आणि मेल एकाच गाठीत बांधलेली असली की उद्या वेबसाइटवाला बदलताना मेलही हलवावी लागते. माझा सल्ला : वेबसाइट त्याच्याकडे राहू दे, मेल त्याच्याकडे नको. डोमेनच्या एमएक्स नोंदीत मेल कुठे पोचवायची ते लिहिलेलं असतं, ती तेवढी बदलायची. वेबसाइटला त्याचा धक्काही लागत नाही.

झोहोबद्दल तुमचे सप्लायर म्हणतात ते खरं आहे. कंपनी आपली, चेन्नईची, आणि मेल चांगली चालते. मोफत योजनेत एका डोमेनवर ५ जणांना प्रत्येकी ५ जीबी मिळतात, जाहिराती नसतात. अडचण एकच, आणि तुमच्याबाबतीत ती मोठी आहे : मोफत योजनेत मेल ब्राउझरमध्ये किंवा झोहोच्या स्वतःच्या ॲपमध्येच बघता येते, आउटलुक तिला जोडता येत नाही. दिरांची इतक्या वर्षांची सवय मोडून तुम्ही नवी व्यवस्था बसवू पाहाल तर ते दोन आठवड्यांत जुन्या जीमेलवर परत जातील, आणि मग पत्रव्यवहार दोन ठिकाणी फाटेल. ते ब्राउझरमध्ये काम करायला मनापासून तयार असतील तर मात्र मोफत झोहोनं सुरुवात करायला मी ना म्हणणार नाही. नंतर पैसे भरून त्याच खात्यांवर आउटलुक चालू करता येतं.

आता दिरांच्या मुख्य हरकतीकडे येते, सहा जणांचे पैसे. सहांचे भरायचेच नाहीत. बाहेर मेल कोण पाठवतं ते मोजा. तुम्ही, दीर, हिशेबाचे काका आणि परचेसची मुलगी. यजमान शॉप फ्लोअरवर असतात, त्यांना लागेल ते तुम्ही दाखवता. डिस्पॅचचा मुलगा एलआरचा (ट्रकवाल्याच्या पावतीचा) फोटो आणि ई-वे बिल व्हॉट्सॲपवरच पाठवत असणार, सगळीकडे तसंच चालतं. म्हणजे पैसे चार जणांचे. आणि सेल्स, अकाउंट्स, परचेस असे जे सामायिक पत्ते हवेत, त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. पुष्कळ लोक सेल्सचा पत्ता म्हणजे एक माणूस धरून त्याचं वेगळं खातं विकत घेतात आणि वर त्याचाही पासवर्ड वाटतात. तुम्ही तसं करू नका.

गूगलच्या पैसे भरायच्या योजनेत, म्हणजे वर्कस्पेसमध्ये, एका माणसाला ३० पर्यंत जोडपत्ते फुकट देता येतात. अकाउंट्सच्या पत्त्यावर आलेली मेल काकांच्या पेटीत पडावी, एवढंच हवं असेल तर जोडपत्ता पुरतो. एकापेक्षा जास्त जणांनी बघायची मेल असेल तर ग्रुप काढायचा. त्या ग्रुपला सामायिक पेटीचं रूप देता येतं, आणि तिथे प्रत्येक मेल कोणाकडे सोपवली हे नावानिशी लिहिता येतं, काम झालं अशी खूणही करता येते. आवक रजिस्टराचा हरवलेला रकाना तो हाच. नवा ग्रुप काढताना एक सेटिंग विसरलं जातं : बाहेरच्या लोकांना या पत्त्यावर लिहायची परवानगी. ती दिली नाही तर ऑफिसातल्यांच्या मेल पोचतात आणि पार्टीची मेल परत जाते. पत्ता छापायला देण्याआधी बाहेरच्या एखाद्या खात्यावरून मेल पाठवून बघा.

मायक्रोसॉफ्टच्या योजनेत सामायिक पेटी हा वेगळा प्रकारच आहे. ५० जीबीपर्यंत तिला लायसन्स लागत नाही, ती उघडणाऱ्या माणसांकडे मात्र स्वतःचं लायसन्स हवं. ती उघडण्यासाठी वेगळा पासवर्ड वापरायचाच नसतो. प्रत्येक जण आपल्या खात्यानं आत येतो, आणि डावीकडे आपल्या पेटीखाली सेल्सची पेटी दिसते. त्या पेटीचं थेट लॉगिन बंद करून ठेवायचं असतं, ते बसवणाऱ्याकडून करून घ्या. आणखी एक, जे कोणी आपणहून सांगत नाही : सेल्सच्या पत्त्यावरून दिरांनी उत्तर दिलं तर त्याची प्रत आपसूक दिरांच्या स्वतःच्या पाठवलेल्या मेलमध्ये जाते, सामायिक पेटीत राहत नाही. मग तुम्हाला वाटतं उत्तर गेलंच नाही आणि तुम्ही दुसरं पाठवता, कदाचित वेगळ्या भावाचं. ॲडमिनच्या पानावर सामायिक पेटीच्या सेटिंगमध्ये प्रत तिथेही ठेवायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

तुमच्याकडे आउटलुक आणि एक्सेल दोन्ही मुरलेली आहेत, म्हणून मी तुम्हाला मायक्रोसॉफ्टची चार खाती आणि सेल्सची एक सामायिक पेटी घ्या असं सांगेन. आधी एवढं तपासा की दिरांच्या कॉम्प्युटरवर ऑफिस रीतसर विकत घेतलेलं आहे का. मायक्रोसॉफ्टच्या धंद्यासाठीच्या सगळ्यात स्वस्त योजनेत एक्सेल आणि आउटलुक ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर मिळतात, कॉम्प्युटरवर बसवायचं सॉफ्टवेअर मिळत नाही. ते हवं तर वरची योजना घ्यावी लागते, आणि तीही चारही जणांना सारखी घ्यायची सक्ती नाही. दिरांना वरची, बाकीच्यांना स्वस्त, असं चालतं. भाच्याचं गूगलही वाईट नाही. तुम्ही सगळे आज ब्राउझरमध्येच काम करत असता तर मी तेच सुचवलं असतं.

भाव विचारताना पहिल्या वर्षाचा सांगितलेला धरू नका, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला काय पडेल ते लेखी घ्या. वर्षाचा करार स्वस्त पडतो, पण मधे माणूस कमी झाला तरी त्याचे पैसे वर्षभर जातात. महिन्याचा करार महाग, पण मोकळा. मी सुरुवातीला महिन्याचा घेईन आणि बस्तान बसलं की वर्षाचा. वर १८ टक्के जीएसटी लागतो. खरेदी करताना कंपनीचा जीएसटी नंबर भरा, म्हणजे काकांना त्याचं क्रेडिट घेता येईल. वैयक्तिक कार्डवरून घाईघाईत घेतलं आणि नंबर भरायचा राहिला, तर ते क्रेडिट गेलं.

हलवायचं काम दिवाळीच्या तोंडावर किंवा मार्चअखेर काढू नका. जुना जीमेल बंदही करू नका. त्याच्यावर येणारी मेल नव्या पेटीकडे वळवा, आणि नवा पत्ता कळवणारं आपोआप उत्तर लावून ठेवा. मग एक यादी करा : जीएसटी पोर्टल, उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी), बँक, वीज कंपनी, जीआयडीसी, आणि ज्या पार्ट्यांच्या व्हेंडर पोर्टलवर तुमची नोंद आहे त्या सगळ्या. या यादीला वेळ लागतो आणि तिथेच लोक कंटाळतात, पण बँक आणि जीएसटीचे ओटीपी जुन्या पत्त्यावर अडकून पडले की ऐन तारखेला धावपळ होते. जुन्या जीमेलमध्ये अधूनमधून लॉगिन करत राहा. दोन वर्षं कोणी वापरलं नाही तर गूगल वैयक्तिक खातं पुसू शकतं.

आणि सकाळी सेल्सची पेटी कोण उघडणार ते एकाचं नाव ठरवा. कुठलीही योजना हे ठरवून देत नाही. सोमवार ते बुधवार तुम्ही, बाकीचे दिवस परचेसची मुलगी, असं काही. पेटी उघडणारीनं उत्तर द्यायचं नाही, फक्त प्रत्येक मेलला नावाचा रंग लावायचा : हे दिरांचं, हे काकांचं. आउटलुकमध्ये रंगांच्या खुणा असतात आणि सामायिक पेटीत त्या सगळ्यांना दिसतात. ज्याचा रंग, त्यानं दुपारच्या जेवणाआधी पार्टीला निदान 'पीओ मिळाला' एवढी ओळ लिहायची.

प्रश्न : मी आणि माझी जाऊ दांडिया बाजारात घरून दिवाळीचा फराळ आणि पुरणपोळीच्या ऑर्डरी घेतो. आम्हा दोघींनाही पैसे भरून ईमेल घ्यायला हवा का?
— दोघी जावा, दांडिया बाजार

उत्तर : नको. तुमच्या ऑर्डरी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर येत असणार. धंद्याचा एक वेगळा जीमेल काढा, घरचा वापरू नका. तो एकीच्या नावावर ठेवून दुसरीला प्रतिनिधी नेमा, वर सांगितलं आहे तसं. पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडणारा नंबर दुसरीचा द्या, म्हणजे चावी दोघींकडे राहील. पुढे एखाद्या कंपनीकडून दिवाळीच्या डब्यांची मोठी ऑर्डर आली आणि त्यांनी रीतसर कोटेशन मागितलं, तर डोमेनचा विचार करा. तेव्हाही पैसे एकाच खात्याचे भरा. एक सूचना : मोफत जीमेलमधून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल पाठवता येते. फराळाची जाहिरात सगळ्या ओळखीच्यांना एकदम पाठवायला जाल तर खातं काही काळ अडकू शकतं. तसं तर करूच नका, ज्यांनी मागितलं त्यांनाच पाठवा.

प्रश्न : ताई, आमचं मंडळ ट्रस्ट म्हणून नोंदलेलं आहे. दर दोन-तीन वर्षांनी कार्यवाह बदलतात आणि ईमेल त्यांच्याबरोबर जातो. आधीच्या कार्यवाहांच्या जीमेलवर बँकेची, चॅरिटी कमिशनरच्या कार्यालयाची, देणगीदारांची सगळी पत्रं आहेत आणि ते आता मुलाकडे परदेशी राहतात. माणूस अतिशय सज्जन आहे, पण प्रत्येक पत्रासाठी त्यांना फोन करावा लागतो. मंडळाकडे पैसे नाहीत. पत्ता मराठीत, देवनागरीत घेता आला तर सगळ्यांना आवडेल.
— एक विश्वस्त, रावपुरा

उत्तर : काका, नमस्कार. हे तुमच्या एकट्या मंडळाचं दुखणं नाही. शंभर वर्षांचं दप्तर जपणाऱ्या संस्थासुद्धा ईमेल मात्र ज्याच्या त्याच्या खिशात ठेवतात. ते सज्जन आहेत तोवर त्यांच्याकडून एक काम करून घ्या : जुन्या खात्यातली मंडळाची सगळी मेल उतरवून घेणं. गूगल आपल्या खात्यातला सगळा मजकूर एकत्र डाउनलोड करू देतं. त्यांनी मंडळाच्या मेलना एक लेबल लावलं तर तेवढंच उतरवता येतं, त्यांचा खासगी पत्रव्यवहार त्यात येत नाही. त्यांच्या सोयीनं, फोनवर बसून, कोणीतरी तरुण मुलानं त्यांच्याबरोबर हे करावं.

पैशांसाठी अडू नका. नोंदणीकृत सेवाभावी संस्थांसाठी गूगलची वर्कस्पेसची मोफत योजना आहे आणि ती भारतात मिळते. संस्था पात्र आहे की नाही याची कागदपत्रं बघून तपासणी होते, त्याला काही दिवस लागतात. ट्रस्टचं नोंदणीपत्र, पॅन आणि आयकर खात्याचे दाखले स्कॅन करून हाताशी ठेवा. डोमेनचे वर्षाचे पैसे तेवढे भरावे लागतील, आणि तो मंडळाच्याच नावावर घ्यायचा, उत्साही कार्यकर्त्याच्या नावावर नको.

देवनागरी पत्त्याची तुमची इच्छा मला मनापासून पटते. .भारत हा डोमेन २०१४ सालापासून देवनागरीत मिळतो. पण बँकांची आणि सरकारी पोर्टलांची पुष्कळशी पानं असा ईमेल पत्ता अजून स्वीकारत नाहीत. म्हणून देवनागरी नाव वेबसाइटसाठी जरूर घ्या, पत्रव्यवहाराचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा.

पत्ते पदाच्या नावानं काढा : अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार. माणसाचं नाव पत्त्यात नको. नवे कार्यवाह आले की जुन्यांचा प्रवेश काढायचा, नव्यांना द्यायचा, पेटी आणि आतली पत्रं जागच्या जागी. ॲडमिन दोघे असू द्या, एक विश्वस्तांपैकी आणि एक कार्यकारिणीतला, म्हणजे एक जण आजारी पडला किंवा गावाला गेला तरी काम अडणार नाही. दोन टप्प्यांच्या लॉगिनसाठी गूगल १० राखीव कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते छापून, पाकिटात घालून, जिथे ट्रस्टची मूळ कागदपत्रं असतात त्या लॉकरात ठेवा.

बँकेत नोंदलेला ईमेल नुसत्या अर्जानं बदलायला जाल तर हेलपाटे पडतील. पुढच्या सभेत ठराव करा, त्यात नवा पत्ता अक्षरशः लिहा, आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत अर्जाला जोडा. त्याच ठरावात हेही लिहून घ्या की पदभार देताना-घेताना हिशेबाच्या वह्या आणि शिक्क्याबरोबर ईमेलचा प्रवेशही सोपवला जाईल, आणि तशी नोंद दोघांच्या सह्यांनिशी सभेच्या वहीत होईल.